सूर्यास्ताच्या आत

सात व्यसनांचा त्याग मी बाविसाव्या वर्षी केला. जुगार, मांस, दारू आणि बाकीची चार. महाराजसाहेबांसमोर, म्हणजे आमच्या जैन साधूंसमोर, हात जोडून, शंभर माणसांच्या साक्षीने. तेव्हापासून आज अडुसष्टाव्या वर्षापर्यंत विडीचा धूरसुद्धा मी अंगावरून जाऊ दिला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून लोक मला लबाड म्हणतील. लबाड मी नाही. मग मी काय आहे, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

जळगावच्या जुन्या बाजारात माझं आयुर्वेदिक औषधांचं दुकान होतं. दुकान आजही तिथेच आहे, फक्त ते आता माझं नाही, पुनीतचं आहे. पुनीत माझा मुलगा. दोन वर्षांपूर्वी त्याने हिरड्या-बेहड्याचे डबे खाली उतरवले, काचेची कपाटं बसवली, साबण-शांपू मांडले आणि मला म्हणाला, "पप्पा, आता भंवरलालशेठनी आराम करायचा." घरात आम्ही मारवाडीत बोलतो, इथे मराठीत सांगतोय, पण कुठल्याही भाषेत त्या वाक्याचा अर्थ एकच होतो. मीही शहाण्यासारखा हो म्हणालो. जुना माल पिंप्राळ्याच्या बंगल्यातल्या मागच्या खोलीत आणून टाकला. त्यात द्राक्षासवाची खोकीच्या खोकी होती. आसव जितकं जुनं तितकं गुणकारी, ते फेकायचं नसतं. खोलीची किल्ली माझ्याकडे राहिली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ना, तसं झालं, पण तेव्हा चोर कोण हे चोरालाही माहीत नव्हतं.

आराम करा म्हणणाऱ्यांनी स्वतः कधी आराम केलेला नसतो. दुकानात असताना दिवसभर गिऱ्हाइकांशी घसा कोरडा करायचा आणि रात्री पाठ टेकली की झोप. आता सकाळी पेपर वाचायचा, दुपारी त्याच पेपरातल्या जाहिराती वाचायच्या आणि संध्याकाळी कॉलनीतल्या बाकावर बसून कोणाचा गुडघा जास्त दुखतो याची चर्चा करायची. रात्री मात्र डोळे टक्क उघडे. जुनी गिऱ्हाइकं एकेक करून डोळ्यांसमोर यायची. शिरपूरचे वैद्य, पिंपळनेरहून गुळवेल घेऊन येणारा धनसिंग, कोणाला काय द्यायचं राहिलं, कोणाशी आपण उगाच वाकडं बोललो. काम नसलेल्या माणसाला झोपेचा हक्क नाही, असं माझ्या देहाने मला न विचारता ठरवून टाकलं होतं. शेजारी धनकुंवर, माझी बायको, शांत झोपलेली असायची आणि मला तिचा रागही यायचा.

अपचन आणि झोप दोन्हीसाठी जेवणानंतर द्राक्षासव, हे मी स्वतः हजारो लोकांना सांगितलेलं. म्हणून मागच्या खोलीतली एक बाटली काढली. आम्हाला मध चालत नाही, तेव्हा आधी भिंग घेऊन लेबल वाचलं. मध नव्हता, गूळ होता. मनाची खात्री झाली. त्याखालची ओळ वाचायची गरज वाटली नाही, कारण ती मला पाठ होती. यात आपोआप तयार होणारं अल्कोहोल असतं, अशी ती ओळ. प्रत्येक आसवावर असते. औषधात तेवढं असायचंच.

चार चमचे आसव, चार चमचे पाणी. पहिल्या रात्री सहा तास झोपलो. उठल्यावर मला रडू आलं, इतकं बरं वाटलं.

पुढे अडचण आली ती चौविहाराची. सूर्य मावळला की आम्हाला अन्न नाही, पाणी नाही, ते दुसऱ्या दिवशी सूर्य उगवून दोन घटका होईपर्यंत. माझा हा नेम लग्नाच्याही आधीपासूनचा. झोप लागते रात्री आणि औषध घ्यायचं दिवसा, असा पेच पडला. सहाला घेतलेल्या चार चमच्यांचा गुण दहापर्यंत ओसरून जायचा. नेम मोडणं शक्यच नव्हतं. तेव्हा रात्रभर पुरेल इतकं सूर्यास्ताच्या आत घ्यायचं, एवढाच मार्ग उरला. चमच्याचं झाकण झालं, झाकणाचं फुलपात्र झालं. कॅलेंडरमध्ये सूर्यास्ताची वेळ बघायची आणि तिच्या आत उरकायचं. एक मिनिट इकडचं तिकडे कधी झालं नाही, याचा मला अभिमान होता.

पहाटे हात थरथरायचे, कपाळावर घाम यायचा. वय झालं, दुसरं काय. दोन घटका होईपर्यंत मी घड्याळासमोर बसून राहायचो. मग अर्धं फुलपात्र घेतलं की हात स्थिर व्हायचे, इतके की सुईत दोरा ओवून दाखवला असता. औषध लागू पडतंय याला याहून मोठा पुरावा कोणता?

आणि मग धुळ्याचं झालं. माझी मुलगी मोहिनी धुळ्याला दिली आहे. एका सकाळी तिचा फोन आला, ती रडत होती. म्हणाली, काल तुम्ही आमच्याकडे येऊन माझ्या सासूबाईंना विचारलंत, शेठ कुठे दिसत नाहीत. तिचे सासरे, माझे व्याही, गेल्या दिवाळीत वारले. त्यांना खांदा द्यायला मी होतो. मी मोहिनीवर चिडलो. म्हटलं, मी काल धुळ्याला आलोच नाही, दिवसभर घरात होतो. पुनीतने माझ्या झब्ब्याच्या खिशातून एसटीचं तिकीट काढून समोर ठेवलं. जळगाव ते धुळे, कालची तारीख. मी ते उलटसुलट करून पाहिलं. त्या दिवसातलं मला काही म्हणजे काहीच आठवेना. बसमध्ये शेजारी कोण होतं, मोहिनीने काय वाढलं, परत कसा आलो, सगळं कोरं. मला भीती वाटली. माझा थोरला भाऊ शेवटी स्वतःच्या बायकोला आई म्हणून हाक मारायचा आणि तिच्यामागे लहान मुलासारखा फिरायचा. आपलीही पाळी आली, असं वाटून मी तिकीट पाकिटात जपून ठेवलं. निदान ते तरी खरं होतं.

पुनीतने डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मला वार विचारला, शंभरातून सात वजा करायला लावले, आणि मग लिहिता लिहिता सहज विचारलं, दारू वगैरे घेता का. पुनीतचा चेहरा लाल झाला. आमच्या घरात कांदासुद्धा येत नाही, असं त्याने ऐकवलं. डॉक्टर ओशाळले आणि पुढचं विचारायला लागले. मीही ताठ बसलो. असला प्रश्न मला, असं वाटून अंगाची लाही झाली होती. धनकुंवर मात्र पर्सची चेन उघडत होती आणि लावत होती. विसरण्याचा आजार सुरू होत असावा, महिन्याने पुन्हा बघू, असं सांगून डॉक्टरांनी शक्तीच्या गोळ्या लिहून दिल्या.

महिना व्हायच्या आत पर्युषण आलं. धनकुंवरने सुचवलं की या वर्षी तुम्ही अठाई करा. अठाई म्हणजे आठ दिवस फक्त उकळून गार केलेल्या पाण्यावर उपवास, तेही दिवसाच. पन्नाशीत मी एकदा केली होती. ती म्हणाली, शरीर शुद्ध होईल, डोकं साफ होईल. बायको सहसा मला तपाचा आग्रह करत नाही, माझ्या पित्ताची तिला काळजी असते. या वेळी तिने दोनदा म्हटलं. मला पटलं. आठ दिवसांत मेंदूवरचा गंज निघेल, मग बघू कोण म्हणतो म्हातारा विसरतो. स्थानकात, म्हणजे आमच्या धर्मस्थानात, जाऊन मी महाराजसाहेबांकडून पच्चक्खाण, म्हणजे उपवासाचा संकल्प, घेतला. आसवाच्या बाटलीला अर्थातच आठ दिवस हात लावायचा नव्हता.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी घामाने गादी भिजली आणि रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. छाती इतकी धडधडत होती की धनकुंवरला ऐकू येईल असं वाटलं. सकाळी स्थानकात लोक पाया पडून साता आहे ना, म्हणजे बरं वाटतंय ना, विचारत होते आणि मी हात गुडघ्याखाली दाबून साता आहे म्हणत होतो. तपाचं तेज दिसतंय, असं एक बाई म्हणाल्या. तो घाम होता.

तिसऱ्या दिवशी प्रवचन संपलं. लोक उठले. मी पाय खाली सोडणार तेवढ्यात दिसलं की फरशीवर मुंग्या आहेत. दहा-वीस नाही, हजारो. भिंतीपासून भिंतीपर्यंत काळी चादर, हलणारी. आणि लोक त्यांच्यावरून बिनदिक्कत चालत होते. प्रवचन ऐकून उठलेले लोक, पर्युषणात. मी ओरडलो, पाय ठेवू नका, जीव आहेत. सगळे थांबले. कोणी खाली बघितलं, कोणी माझ्याकडे. मी दोन्ही पाय वर घेऊन बाकावर बसलो आणि पुंजणीने, म्हणजे जीव न दुखवता झाडायच्या मऊ कुंच्याने, हळूहळू त्यांना बाजूला सारायला लागलो. सारल्या की परत यायच्या. धनकुंवर बायकांच्या बाजूने धावत आली. मी तिला म्हटलं, तिथेच थांब, एक पाऊल पुढे टाकू नकोस. ती थांबली आणि तिने तोंडाला पदर लावला.

कोणीतरी बाहेरच्या रिक्षावाल्याला आत बोलावलं. तो आला, उंच, पांढरी दाढी, खाकी शर्ट. माझ्यासमोर उकिडवा बसला आणि माझ्या हातांकडे बघत राहिला.

"शेठ, भुईवर काहीच नही शे," तो हळूच म्हणाला. मग आणखी जवळ सरकला. "माले बी दिसन्या व्हत्यात. दारू सोडी व्हती ना, तवय. तिसरा दिवसले. तुमी कितली लेतस?"

मी सांगितलं की मी दारू घेत नाही.

"दारू नही. आसव. कितलं?"

तेव्हा मी त्याला ओळखलं. भिकन. पिंप्राळ्याचाच. आठेक वर्षांपूर्वी रोज संध्याकाळी दुकानात येऊन द्राक्षासवाची बाटली मागायचा. एका माणसाला दिवसाला एकच बाटली, असा माझा नियम होता. ज्या दिवशी त्याने दुसरी मागितली, त्या दिवशी मी दहा गिऱ्हाइकांसमोर त्याला म्हटलं होतं की बेवड्यांना माझ्या दुकानात औषध मिळत नाही. तो पायरी उतरून निघून गेला होता. मला त्या वेळी फार बरं वाटलं होतं. म्हणजे बाटलीत काय आहे ते मला माहीत होतं. पक्कं माहीत होतं. मग स्वतःच्या बाबतीत मला ते माहीत होतं की नव्हतं? मी आजही या प्रश्नाशी येऊन अडतो. दिव्याखाली अंधार म्हणावं, तर दिवाही मीच लावलेला.

पाय खाली ठेवायला मी तयार नव्हतो. तेव्हा भिकनने पाठ वळवली आणि मला पाठुंगळी घेतलं. मी त्याच्या कानात म्हटलं, चिरडू नकोस रे त्यांना. त्या माणसाला फरशी स्वच्छ दिसत होती. तरी तो दारापर्यंत चवड्यांवर गेला, एकेक पाऊल जागा बघून टाकत. एवढं माझं ऐकणारं त्या दिवसात दुसरं कोणी नव्हतं.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. तोवर पुनीत दुकानातून धावत आला. त्याने घाईघाईने सगळं सांगितलं: विसरण्याचा आजार आहे, त्यात उपवास, म्हणून अशक्तपणा. बाईंनी माझी नाडी धरली, जीभ बाहेर काढायला लावली. जीभसुद्धा थरथरत होती. त्यांनी विचारलं, हे दारू पितात का, आणि परवा-तेरवा बंद केली का. पुनीतने तोंड उघडलं, त्यांनी हात वर केला. म्हणाल्या, मला तुमचा जात-धर्म नको. दारू अचानक सुटली असेल तर आज रात्री यांना झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो, आणि औषध वेगळं द्यावं लागतं. चुकीच्या माहितीवर मी उपचार करणार नाही.

"आमच्या सात पिढ्यांत कोणी शिवलं नाही," पुनीत म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. तो माझीच बाजू मांडत होता, आणि आता मी तोंड उघडलं तर त्याच्या तोंडावर चिखल उडणार होता.

दाराशी भिकन रिक्षाची किल्ली बोटात फिरवत उभा होता. त्याने भाडं घेतलं नव्हतं, गेलाही नव्हता. माझ्याबद्दल काहीही सांगायचा त्याला पूर्ण हक्क होता. तो बोलला नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं. सांगायचं तर मलाच सांगावं लागणार होतं, आणि शेहेचाळीस वर्षांचा त्याग एका शब्दात जाणार होता. गप्प राहावं आणि व्रतासकट मरावं, हेही मनात आलं. खोटं कशाला सांगू, ते बरंच सोपं वाटलं. पण पलंगाच्या कडेवरून मुंग्या चढत होत्या आणि मला धनकुंवरचे पाय त्यांच्यात दिसत होते. त्या खऱ्या आहेत की नाहीत, एवढं तरी मला कळायला हवं होतं.

"घेतो," मी म्हणालो. "द्राक्षासव. रोज. एक बाटली, कधी दीड."

पुनीत मागे सरकून भिंतीला टेकला. बाई लिहायला लागल्या. तेवढ्यात धनकुंवर बोलली, खाली मान घालून, पण स्पष्ट.

"अडीच. रिकाम्या बाटल्या मीच भंगारवाल्याला देते."

मला शपथेवर विचारलं असतं तरी मी दीड म्हटलं असतं. अडीच कधी झाल्या, मला खरंच माहीत नाही.

सलाईन लागलं, सुया टोचल्या. अठाई तिसऱ्या दिवशी मोडली. आजारपणासाठी पच्चक्खाणात सूट ठेवलेलीच असते, असा निरोप महाराजसाहेबांनी पाठवला. आजार कोणता, हे त्यांना कोणी सांगितलं होतं की नाही, मी विचारलं नाही. दोन दिवस मी कुठे होतो ते मला ठाऊक नाही. पाचव्या दिवशी फरशी नुसती फरशी दिसली, पण संध्याकाळनंतरचं अजून काही लक्षात राहत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की विसरण्याचं बरंचसं त्या बाटल्यांमुळेच असेल, सगळं नसेलही, वाट पाहावी लागेल. म्हणजे अजून काहीच नक्की नव्हतं.

आठव्या दिवशी संवत्सरी आली. आम्ही त्या दिवशी वर्षभरात ज्यांना ज्यांना दुखावलं त्यांची क्षमा मागतो. सकाळपासून फोन वाजत होता आणि मी प्रत्येकाला मिच्छामि दुक्कडं म्हणत होतो. ज्यांना वर्षभरात भेटलोही नव्हतो, त्यांनासुद्धा. दुपारी भिकन डोकावला. त्याला बघितल्यावर तो शब्द पुरेसा वाटेना. मी हात जोडले आणि म्हटलं, "भिकनभाऊ, त्या दिवशी दुकानात मी बोललो ते चुकलं."

त्याने खुर्ची ओढली. "तुमी माले दुसरी बाटली दिनी नही ते बरं करं. पन तो शब्द नको व्हता," तो म्हणाला. "मी रोज सकाळे तो शब्द याद करस आन मंग रिक्षा काढस." दारू सोडलेली माणसं दर रविवारी चारला जमतात, तिथे या, असंही त्याने सांगितलं. मी विचारलं, लोक काय म्हणतील. त्यावर तो पहिल्यांदा हसला.

तो गेल्यावर धनकुंवर पलंगाशी आली आणि तिने माझ्यासमोर हात जोडले. आमच्यात दरवर्षी हे होतं, पण या वेळी तिने हात खाली घेतलेच नाहीत. मग म्हणाली, तिला पहिल्यापासून माहीत होतं. वासावरून. बोलली असती तर माझा त्याग मोडला असं झालं असतं, न बोलता तो मोडत नव्हता. म्हणून गप्प राहिली. आणि बाटली सुटावी म्हणून अठाईचं काढलं. आठ दिवस तरी सुटेल, मग कदाचित सुटूनच जाईल. अचानक सोडली तर माणूस मरतो, हे तिला कोण सांगणार होतं? मी तुम्हाला मारत होते, असं म्हणून ती रडली. इतक्या वर्षांत मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. कोणी कोणाला क्षमा करायची, मला सुचेना. माझा त्याग ती सांभाळत होती आणि मी बाटल्या संपवत होतो. मी तिचे जोडलेले हात धरले आणि आम्ही तसेच बसलो.

बाहेर अंधार झाला. आठ वाजता नर्स गोळी घेऊन आली. मी सवयीने म्हटलं, सूर्यास्त झाला, आता उद्या. ती म्हणाली, आजोबा, ही रात्री आठचीच आहे, झोपेच्या वेळी अंगात असायला हवी, कालपर्यंत तुम्ही घेतलीत की. कालपर्यंतचं मला आठवत नव्हतं. मी धनकुंवरकडे पाहिलं. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंब तिने कधी तोंडात घेतला नव्हता आणि मलाही कधी दिला नव्हता.

ती उठली. तांब्यातलं पाणी तिने फुलपात्रात ओतलं. फुलपात्र माझ्यासमोर धरून म्हणाली, "घ्या."

मी गोळी घेतली.